सेकंडहँड एअर रायफल घेताय? आधी सिलिंडरची तारीख बघा

बजेट टाइट असेल तर 10 मीटर नेमबाजीसाठी नवी मॅच (म्हणजे स्पर्धेची) रायफल घेण्याचा हट्ट करू नका, जुनी चांगली मिळाली तर बिनधास्त घ्या, कारण शिशाच्या मऊ पेलेटनी (छोट्या गोळ्यांनी) एअर रायफलचं बॅरल काही लगेच झिजत नाही. खरी गोम आहे ती दाबलेली हवा भरायच्या सिलिंडरमध्ये. त्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात त्याची व्हॅलिडिटी जास्तीत जास्त 10 वर्षं, म्हणजे 9 वर्षांचा सिलिंडर लावलेली "स्वस्त" रायफल घेतलीत तर वर्षभरात नवीन सिलिंडरचा खर्च डोक्यावर बसलाच म्हणून समजा, तेव्हा भाव करताना तेवढे पैसे आधीच कापून बोला. सिलिंडर भरून रात्रभर ठेवा, सकाळी दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बराच खाली आला असेल तर सील गेलेलं असू शकतं.

मग वाचलेल्या पैशातून 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर हेडसाइजचे (डोक्याच्या व्यासाचे) पेलेट थोडे थोडे आणा, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच-पाच शॉट मारा आणि ग्रुप बघा, म्हणजे छिद्रं किती जवळजवळ पडतात ते. दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो हो, तिथे नुसत्या पेलेटनेसुद्धा पॉइंट जातात.

नेमबाजीचं जॅकेट मात्र मापाचंच शिवून घ्या, दुसऱ्याचं नको.