ऑफिसमध्ये फाइल शेअरिंग लावताय? या चुका टाळा

चार-पाच कॉम्प्युटरचं ऑफिस. हिशेबाच्या फायली एका कॉम्प्युटरवर ठेवायच्या आणि बाकीच्यांनी तिथूनच उघडायच्या, एवढंच काम. जमलं तर दहा मिनिटांत होतं. नाही जमलं की घाई सुरू होते: फायरवॉल बंद, पासवर्ड बंद, फोल्डरला ‘एव्हरीवन’ आणि ‘फुल कंट्रोल’, म्हणजे कोणालाही काहीही करायची मुभा. फोल्डर उघडतो आणि विषय तिथेच मिटतो. छोट्या ऑफिसांची नेटवर्कं लावणं आणि निस्तरणं हे माझं रोजचं काम आहे. न उघडणाऱ्या फोल्डरपेक्षा मला असा सताड उघडा फोल्डर जास्त घाबरवतो.

एका कर सल्लागारांच्या ऑफिसमध्ये, ऐन मार्चअखेरीस, नव्या मुलानं आपल्या कॉम्प्युटरवरून शेअरमधला एक जुना वाटणारा फोल्डर डिलीट केला. तो चालू वर्षाचा निघाला. त्यानं स्वतःची रिसायकल बिन उघडली, रिकामी. मुख्य कॉम्प्युटरची उघडली, तीही रिकामी. नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल विंडोज रिसायकल बिनमध्ये टाकत नाही, थेट काढून टाकतं. बाहेरच्या हार्ड डिस्कवर शनिवारी घेतलेला बॅकअप होता म्हणून निभावलं. तरी तीन दिवसांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या, आणि त्या मुलाचा चेहरा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. चूक त्याची नव्हती. त्याला फक्त बघायचं होतं आणि आम्ही पुसायचीही मुभा देऊन ठेवली होती.

म्हणून परवानग्यांवर वेळ घालवा. त्या दोन ठिकाणी असतात: फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही चाळण्या पार कराव्या लागतात, आणि जी जास्त कडक तीच लागू होते. शेअरिंगमध्ये ‘फुल कंट्रोल’ असूनही फाइल सेव्ह होत नसेल तर सिक्युरिटीत बघा. मी शेअरिंगमध्ये नेमक्या माणसांना ‘चेंज’ देतो आणि बारकावे सिक्युरिटीत ठरवतो: कोणाला ‘रीड’, कोणाला ‘मॉडिफाय’. ‘मॉडिफाय’मध्ये डिलीटही येतं, हे विसरू नका.

त्यासाठी मुख्य कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं वेगळं खातं हवं, आणि त्याला पासवर्ड हवाच. बिनपासवर्डाच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. रोज सकाळी टाकतो तो पिनही इथे चालत नाही, कारण तो त्या एका कॉम्प्युटरपुरताच असतो. पासवर्ड बरोबर असून नकार येत असेल तर ज्या कॉम्प्युटरवरून उघडताय तिथल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोज पासवर्ड लक्षात ठेवतं त्या जागी, जुना पासवर्ड साठलेला असतो. तो काढा.

‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून वर्षानुवर्षं काम चालवलेल्या ऑफिसांना विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीनं अडवलं, कारण तिथे बिनपासवर्डाचा पाहुणा मुळातच नाकारला जातो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, बदल करून ते दार पुन्हा उघडायचे उपाय सगळीकडे सापडतात. करू नका. पाच खाती बनवायला अर्धा तास लागतो.

आता मुख्य कॉम्प्युटर दिसतच नसेल तर. इथे लोक परवानग्या चाळत बसतात आणि दुखणं भलतीकडेच असतं. आधी दोन्ही कॉम्प्युटरचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे त्यांचे क्रमांक, बघा. एकाचा १९२.१६८.१ नं सुरू होतो आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० नं, असं आढळलं तर बहुधा फायबरवाल्यानं दिलेल्या राउटरला तुमचा स्वतःचा वायफाय राउटर जोडलाय आणि ऑफिसची दोन नेटवर्कं झालीत. दुसऱ्या राउटरला पहिल्याच्या मालिकेतला मोकळा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, आणि केबल वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) भोकातून काढून लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या) भोकात घाला. कोणी गेस्ट वायफायवर बसलंय का, तेही बघून घ्या.

मग नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’, ते तपासा. पब्लिक असेल तर विंडोज शेअरिंग बंद ठेवतं. फायरवॉल बंद करायची गरज नसते, नेटवर्क ‘प्रायव्हेट’ केलं की पुरतं. त्यानंतर फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश देऊन थेट आयपी पत्ता टाका. पत्त्यानं उघडलं आणि नेटवर्कच्या यादीत मात्र दिसलं नाही, तर शेअरिंग ठीक आहे, फक्त दिसण्याची भानगड आहे. मुख्य कॉम्प्युटरवर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सर्व्हिस ऑटोमॅटिक करा. पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारणाऱ्या छोट्या संदेशाला, उत्तर आलं नाही म्हणजे कॉम्प्युटर बंदच आहे असं धरू नका, फायरवॉल पिंग अडवू शकते. आणि आज चालतं, उद्या बंद पडतं असं होत असेल तर मुख्य कॉम्प्युटरचा पत्ता बदलत असणार. राउटरमध्ये तो राखून ठेवा.

जुनं झेरॉक्स मशीन स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकत नाही, अशी तक्रार हमखास येते. त्यातल्या बऱ्याच मशिनांना एसएमबीची, म्हणजे विंडोज फाइल शेअरिंगसाठी वापरतं त्या भाषेची, फक्त पहिली आवृत्ती कळते, आणि मेकॅनिक ती चालू करून जातो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारं रॅन्समवेअर जगभर पसरलं ते तिच्यातल्याच भगदाडातून. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, ज्यांनी ती टाकली नव्हती ते सापडले. त्याच वर्षाच्या शेवटापासून नव्यानं टाकलेल्या विंडोज १० मध्ये त्या आवृत्तीनं फायली स्वीकारायची सोय आपोआप येत नाही. स्कॅन ईमेलनं किंवा पेन ड्राइव्हवर घ्या, थोडा त्रास चालेल. घरून फायली उघडायच्या म्हणून राउटरवर ४४५ क्रमांकाचा पोर्ट बाहेरच्या जगाला तर कधीच उघडू नका, त्यासाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतची सुरक्षित खासगी वाट, लावा. बॅकअपची डिस्कही काम झालं की काढून कपाटात ठेवा. लावलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालतं.

जेवून आल्यावर फोल्डर गायब होत असेल तर मुख्य कॉम्प्युटर झोपलाय. पॉवरमध्ये ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ करा, स्क्रीन बंद झाली तरी चालते.

निघण्याआधी मी शेअरमध्ये ‘चाचणी’ नावाची एक फाइल ठेवतो आणि प्रत्येक टेबलावर, त्या-त्या माणसाच्या खात्यातून ती उघडून, बदलून, डिलीट करून बघतो. ज्याला फक्त ‘रीड’ दिलंय त्याच्या टेबलावरून ती डिलीट झाली, तर बॅग खाली ठेवून पुन्हा सिक्युरिटीचं पान उघडतो.