पक्षाघाताचा संशय आला की आधी घड्याळ बघा

बोलता बोलता समोरच्याच्या हातातला कप निसटतो. उचलायला जातो तर बोटं वळत नाहीत. दुखत मात्र काहीच नाही, आणि घात तिथेच होतो. छातीत कळ आली की माणूस दवाखाना गाठतो. पक्षाघातात "जरा पडतो, बरं वाटेल" म्हणतो.

तपासायला मिनिटभर पुरे. दात दाखवून हसायला सांगा. ओठाचा एक कोपरा ओघळलेला दिसतो का? डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात समोर धरायला लावा आणि मनात दहा आकडे मोजा. कमजोर हात हळूहळू खाली सरकतो, तळवा आत वळतो. मग एखादं साधं वाक्य म्हणून घ्या. जीभ जड, शब्द भलतेच? तिन्हींतलं एक जरी अचानक बिघडलेलं असलं तरी रुग्णवाहिका बोलवा आणि फोनवर "पक्षाघाताचा संशय" हेच शब्द वापरा. एकाएकी तोल जाणं, दिसेनासं होणं, कधी नव्हे इतकं डोकं ठणकणं यालाही तेच. "मला काही झालं नाही" यावर विसंबू नका. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली, तर आपला डावा हात लुळा पडलाय हे कित्येकांना कळतच नाही.

आता वेळ कागदावर लिहा. लक्षणं तुम्हाला दिसली ती वेळ नव्हे, तर माणूस शेवटचा ठणठणीत दिसला ती. रात्री 10 ला झोपला, सकाळी 6 ला उठवलं तेव्हा हात लुळा: वेळ 10 ची. मधे 3 वाजता उठून नीट चालत गेलेला कुणी पाहिला असेल, तर 3 ची. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, त्यामुळे या फरकावर उपचार अडतो. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी नळी घालून काढणं काही निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत जमतं, म्हणून उशीर झाला तरी न्याच. पण रेंगाळू नका. अशी मोठी वाहिनी तुंबलेली असताना मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात.

तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा. गिळण्याचे स्नायू ढिले पडले असतील तर घोट फुप्फुसात जातो. ॲस्पिरिन तर नकोच: मेंदूत गुठळी अडकलीय की रक्तस्राव होतोय, हे बाहेरून ओळखता येत नाही, स्कॅनच सांगतो. रक्तदाबाची जादा गोळीही देऊ नका. दाब घसरला तर मेंदूला आणखी कमी रक्त मिळतं. साखर उतरली तरी अशीच लक्षणं दिसतात, तेव्हा ग्लुकोमीटर हाताशी असेल तर रुग्णवाहिकेची वाट बघताना मोजा. शुद्ध हरपली पण श्वास नीट चालू असेल, तर कुशीवर वळवा. लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो.

सोबत औषधांची पाकिटं घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शेवटची कधी घेतली ते विचारून ठेवा.

दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी बेत बदलू नका. अशा झटक्यानंतरचे पहिले 48 तास सर्वांत धोक्याचे असतात.