कोंबडीची अंडी उबवताना घरच्या इन्क्युबेटरमध्ये आर्द्रता किती ठेवावी?

आधी हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे मीटर) तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ओलसर करा (विरघळवू नका) आणि मीटरसह हवाबंद डब्यात 10-12 तास ठेवा. आकडा 75 च्या आसपास हवा. 70 दाखवला तर प्रत्येक वेळी 5 मिळवायचे. स्वस्त मीटर सर्रास चुकतात.

पंख्याच्या यंत्रात तापमान 37.5 अंश आणि पहिले 18 दिवस आर्द्रता 45 ते 50 टक्के. पण खरा हिशेब वजनाचा. 18 दिवसांत अंड्याचे वजन 11 ते 13 टक्के घटायला हवे, म्हणजे 50 ग्रॅमचे गावरान अंडे साधारण 44 ग्रॅमवर यावे. आठवड्याला काट्यावर मोजा. घट कमी असेल तर पाणी कमी करा, जास्त असेल तर वाढवा.

नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत यंत्रात पाण्याची एक वाटी पुरत नाही; पसरट ताटली ठेवा. पाण्याची खोली नव्हे, पृष्ठभाग महत्त्वाचा. पावसाळ्यात मात्र कित्येकदा पाणी न घालताही आकडा 50 वर राहतो.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणे बंद, कोमट पाणी घालून आर्द्रता 65-70. त्यानंतर झाकण उघडू नका: दमट हवा निघून जाते, आतला पडदा सुकतो आणि चोच मारलेले पिल्लू त्यातच अडकते. उलट आधीचे दिवस फार दमट गेले, तर अंड्यातली हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेले पिल्लू टरफलातच गुदमरते.