उन्हाळ्याच्या दुपारी लहानग्याची धावपळ घरातच

बडोद्यात मे महिन्यात सकाळी नऊनंतर कमाटीबागेत जाण्याची सोय उरत नाही, आणि घरात कोंडलेले दोन वर्षांचे मूल मग सोफ्यावरून उड्या मारू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी. ती सलग असण्याची गरज नाही.

आमच्या अनुभवात नुसत्या पळण्यापेक्षा ओझे ढकलण्याने मूल लवकर दमते. धुण्याच्या प्लॅस्टिकच्या टोपलीत दोन घड्या घातलेल्या चादरी ठेवाव्यात, आणि ती स्वयंपाकघरापासून गॅलरीच्या दारापर्यंत ढकलत न्यायला सांगून प्रत्येक फेरीत एक बटाटा ‘पोहोचवण्याचे’ काम द्यावे, म्हणजे खेळ दहा-पंधरा मिनिटे सहज टिकतो (बटाटे मोजण्याचा आग्रह मात्र धरू नये). पाय अनवाणी असावेत, कारण मोज्यांनी फरशीवर घसरायला होते. कंटाळा आला की जमिनीवर गादी घालून बेडूकउड्या घ्यायला लावाव्यात. मध्ये पाणी द्यावे, आणि झोपेच्या अर्धा तास आधी हा दंगा थांबवावा.