पातेल्याचं वजन आधी, अ‍ॅप नंतर : पीकेयूचा आहार ऑनलाइन कसा सांभाळावा

आमच्या घरातल्या पातेल्यांवर नावं नाहीत, वजनं कोरलेली आहेत. पुण्याच्या तुळशीबागेत भांडी घेतली, तेव्हा दुकानदाराने सवयीने विचारलं, "नाव काय घालू?" मी म्हटलं, "४१२ ग्रॅम." त्याने दोनदा विचारून खात्री केली आणि घातलं.

लेकीला पीकेयू आहे, म्हणजे फिनाइलकीटोन्यूरिया. प्रथिनांतलं फिनाइलअ‍ॅलानिन नावाचं अमिनो आम्ल तिच्या यकृताला नीट मोडता येत नाही. ते रक्तात साठत गेलं की मेंदूला इजा करतं. त्याचं लांबलचक नाव घरात कुणी घेत नाही, आम्ही 'फी' म्हणतो. "आज फी किती झाली?" हे ऐकून पाहुण्यांना शाळेची आठवण होते. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मिळून दिवसाची फी ठरवून देतात. आमची सध्या ३०० मिलिग्रॅम आहे. तुमच्या मुलाची वेगळी असेल, वयाप्रमाणे आणि रक्ताच्या रिपोर्टप्रमाणे बदलेल. ती अ‍ॅपला विचारून ठरवू नका. अ‍ॅपचं काम फक्त बेरजेचं.

पहिलं काम : काटा

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. रविवार पेठेत मिळतो, ऑनलाइनही मिळतो. त्यात 'टेअर'चं बटण हवंच, म्हणजे वाटी ठेवून आकडा शून्यावर आणता येतो. वाटी, मूठ, डाव ही मापं या आजारात सोडावी लागतात. आमच्याकडे हाच सगळ्यात अवघड भाग होता. उपासाच्या दिवशी मी विचारलं, "आई, खिचडीत दाणे किती घातलेत?" सासूबाई म्हणाल्या, "अगं, चवीपुरते." त्या चवीपुरत्याचा हिशोब असा.

५० ग्रॅम कोरडा साबुदाणा : प्रथिनं जेमतेम ०.१ ग्रॅम, फी ५ मिलिग्रॅमच्या आसपास. ५० ग्रॅम बटाटा : साधारण ३० मिलिग्रॅम. आणि १५ ग्रॅम दाण्याचं कूट, म्हणजे दोनेक चमचे : प्रथिनं साडेतीन ग्रॅम, फी १८० मिलिग्रॅमच्या घरात. दाणे काढले तर खिचडी ३५ मिलिग्रॅमची, घातले तर २१५ची. तिच्या दिवसाचे दोन तृतीयांशांहून जास्त एका बशीत संपले. त्या दिवसापासून कूट काट्यावर जातं, आणि तिच्या खिचडीत खोबरं जातं, तेही मोजून.

जाता जाता : 'उपासाचं म्हणजे चालतंच' हा समज काढून टाका. साबुदाणा आणि अरारूट यांत प्रथिनं नगण्य. पण राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम, म्हणजे गव्हापेक्षाही जास्त. भगर तांदळाच्या पंगतीतली आहे. शिंगाड्याचं पीठही निर्धास्तपणे वापरण्यासारखं नाही.

दुसरं : आकडे कुठून घ्यायचे

आपल्या धान्यांसाठी पहिला आधार हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे भारतीय अन्नघटक तक्ते. ५२८ पदार्थ आहेत, ज्वारी-बाजरी-नाचणी, डाळी, पालेभाज्या, अमिनो आम्लांसकट. याची पीडीएफ इंटरनेटवर सापडते. पण एक खाच आहे, मी तिच्यात पडले होते. त्यातले अमिनो आम्लांचे आकडे १०० ग्रॅम पदार्थाला नाहीत, १०० ग्रॅम प्रथिनाला आहेत. म्हणून गुणाकार लागतो. ज्वारीत १०० ग्रॅमला १० ग्रॅम प्रथिनं, आणि समजा तक्त्यात फी ५ लिहिलंय, तर १० गुणिले ५ भागिले १०० म्हणजे ०.५ ग्रॅम, म्हणजेच ५०० मिलिग्रॅम. ६० ग्रॅम पिठाची भाकरी ३०० मिलिग्रॅमची झाली. आमच्या लेकीचा अख्खा दिवस एका भाकरीत.

दुसरा आधार अमेरिकी कृषी खात्याचं 'फूडडेटा सेंट्रल' हे संकेतस्थळ, फुकट आहे. तिथे शोधताना 'एसआर लेगसी' किंवा 'फाउंडेशन' या गटातली नोंद उघडा. 'ब्रँडेड' गटात पाकिटावरची माहिती असते, अमिनो आम्लं सहसा नसतात. इथले आकडे १०० ग्रॅम पदार्थाला आणि ग्रॅममध्ये असतात, म्हणून ०.१६ दिसलं की १६० मिलिग्रॅम वाचा.

दोन्हीकडे पदार्थ सापडला नाही, तर ढोबळ नियम : एक ग्रॅम प्रथिन म्हणजे ५० मिलिग्रॅम फी. धान्य, डाळ, दूध, दाणे यांना तो बऱ्यापैकी लागू पडतो. भाज्या-फळांत प्रमाण कमी, ३० ते ४०च्या दरम्यान. पाकिटावर प्रथिनांचा आकडा असतो, त्यावरून अंदाज निघतो. मात्र पाकिटावरचे आकडे काही वेळा पूर्णांकात येतात. लहान पुड्यावर '० ग्रॅम' लिहिलंय म्हणून पाच पुडे खाऊ घालू नका.

तिसरं : अ‍ॅप

मी 'क्रोनोमीटर' वापरते. वजन कमी करणाऱ्यांसाठीच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये उष्मांक, प्रथिनं, चरबी एवढंच असतं, यात फिनाइलअ‍ॅलानिन, ल्युसिन, मेथिओनिन अशी अमिनो आम्लं वेगवेगळी दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन फिनाइलअ‍ॅलानिनची कमाल मर्यादा स्वतः घाला, नाहीतर ते तुम्हाला निरोगी माणसाचं लक्ष्य दाखवून "अजून खा" म्हणत राहील.

तिथे सगळ्यात घातक काय, तर रिकामा रकाना. एखाद्या कंपनीचं बिस्किट निवडलं, त्याच्या नोंदीत अमिनो आम्लं भरलेलीच नसतात, आणि बेरजेत ते शून्य धरलं जातं. दिवसाअखेर फी १४० दिसते, आपण खूश. माझा एक महिना असा गेला. रिपोर्ट वाढलेला आला, मी लॅबवर संशय घेतला, दोष माझ्या नोंदीत निघाला. रकाना रिकामा म्हणजे शून्य नव्हे. प्रत्येक नोंदीखाली माहितीचा स्रोत दिसतो, तो बघूनच निवडा.

मग आपल्या पदार्थांच्या पाककृती त्यात भरा : कच्चं सामान वजनाने, आणि शिजल्यावर एकूण वजन. इथे ती कोरलेली पातेली कामाला येतात. आमटी झाली की पातेल्यासकट काट्यावर ठेवायचं, ४१२ वजा करायचे, उरली ती आमटी. भाताचंही असंच. कच्चा आणि शिजलेला यांत तिप्पट फरक पडतो, त्यामुळे 'तांदूळ' शोधताना नोंद कच्च्याची आहे की भाताची हे न बघता घेतली, तर दिवसाचा हिशोब गेला.

खास पावडर, म्हणजे फी नसलेला फॉर्म्युला, अ‍ॅपमध्ये स्वतःचा पदार्थ म्हणून डब्यावरचे आकडे बघून भरा. त्यामुळे एकूण प्रथिनं भरपूर दिसतात, ती बघून घाबरू नका. डोळा फीच्या रकान्यावर ठेवायचा. आणि उष्मांकांवरही. हे फारसं कुणी सांगत नाही : पोर अर्धपोटी राहिलं तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं, त्यातून फी बाहेर पडते, आणि काहीही न खाता रिपोर्ट वाढतो. तसंच फी शून्यावर नेणंही चूक. शरीराला ती लागतेच, म्हणून मर्यादेच्या आसपास राहायचं, खूप खाली नाही.

'हाउमचफी' नावाचं फक्त याच आजारांसाठीचं संकेतस्थळही आहे. वर्गणी भरावी लागते. चांगलं आहे, पण तिथे अमेरिकेतले कमी प्रथिनांचे पाव भरपूर आणि थालीपीठ नाही. माझ्या मते आपल्याकडे क्रोनोमीटर आणि स्वतःची शीट एवढं पुरतं.

चौथं : घराची शीट

गूगल शीट्समध्ये चार रकाने : पदार्थ, १०० ग्रॅमला फी, वजन, आणि शेवटी या दोन्हींचा गुणाकार भागिले १००. आपण रोज खातो ते पदार्थ तीस-चाळीसच असतात, एका रविवारात भरून होतात. शीट नवऱ्याच्या, सासूबाईंच्या आणि आहारतज्ज्ञांच्या फोनवर द्या. रक्ताचा नमुना देण्याआधीच्या तीन दिवसांचं सगळं खाणं त्यात असू द्या. त्याशिवाय रिपोर्टवरून काही ठरवता येत नाही. नमुना दर वेळी एकाच वेळेला, सकाळी, पावडर देण्याआधी घ्या.

रिपोर्ट भरताना एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर देतात, काही मायक्रोमोल प्रति लिटर. पहिल्याला ६०ने गुणलं की जवळपास दुसरं येतं. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना बारा वर्षांपर्यंत १२० ते ३६० मायक्रोमोल सांगतात. ३६० म्हणजे साधारण ६ मिलिग्रॅम.

शीटच्या दुसऱ्या पानावर 'बंद' यादी ठेवा. तिच्यात पहिलं नाव अ‍ॅस्पार्टेमचं. हा गोडवा फिनाइलअ‍ॅलानिनपासूनच बनतो. शुगर-फ्री पेयं, च्युइंगम, चघळायच्या गोळ्या, काही औषधांची सिरपं यांत तो असतो. पाकिटावर ९५१ किंवा ९६२ हे क्रमांक शोधा. केमिस्टकडे दर वेळी विचारायला लाजू नका.

आजार दुसरा असेल तर

मेपल सिरप युरिन या अशाच जन्मजात आजारात ल्युसिनचा रकाना बघायचा, होमोसिस्टिन्युरियात मेथिओनिनचा. पद्धत तीच. गॅलॅक्टोसेमियात, म्हणजे दुधातली साखर शरीराला नीट मोडता येत नाही त्या आजारात, मात्र अशा अ‍ॅपचा उपयोग थोडाच. तिथे बेरीज नाही, दूध-दही-पेढा-मावा टाळणं आणि पाकिटावरची 'मिल्क सॉलिड्स' ही अक्षरं शोधणं आहे. ग्लायकोजेन साठण्याच्या आजारात कच्च्या कॉर्नस्टार्चच्या वेळा पाळायच्या, त्याला फोनचा गजर पुरतो, रात्रीचासुद्धा.

मेपल सिरप किंवा युरिया चक्राच्या (शरीरात अमोनिया साठण्याच्या) आजारात पोराला ताप आला, उलट्या झाल्या, ते सुस्त पडलं, तर अ‍ॅप उघडत बसू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेला आणीबाणीचा कागद आणि सरळ रुग्णालय. तो कागद फोनमध्ये फोटो काढून ठेवा, छापील प्रत दाराच्या मागे लावा.

पावडरीच्या खर्चासाठी : दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ सालचं आहे, आणि खास पावडरींवर चालणारे हे आजार त्याच्या दुसऱ्या गटात येतात. मदत नेमलेल्या केंद्रांतूनच मिळते, त्यात मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. आमच्या पुण्याच्या रास्ता पेठेतलं केईएम वेगळं, रिक्षावाल्याला सांगून उपयोग नाही, मुंबईची सकाळची गाडी धरावी लागेल.

आता सण. उकडीचा मोदक : तांदळाची पिठी १५ ग्रॅम, खोबरं १५ ग्रॅम. प्रथिनं १.२ अधिक ०.६, म्हणजे १.८ ग्रॅम, फी ९०. गुळाचे किंचित वेगळे धरा. दोन मोदकांचे १८० झाले, उरलेल्या १२०त दुधीची भाजी, साबुदाण्याची पेज आणि एक पेरू बसतो. चतुर्थीच्या सकाळी पारी करताना प्रत्येक गोळा काट्यावर ठेवायचं काम आता सासूबाईंचं. मी मध्ये हात घातला की म्हणतात, "थांब गं, दोन ग्रॅम जास्त झालाय."