काड्यांचा पूल नेमका कुठे मोडतो? शाळेच्या प्रकल्पात या चुका टाळा

वजन टांगल्यावर मोडलेला आईस्क्रीमच्या काड्यांचा पूल एकदा नीट निरखून बघा. बहुतेक काड्या अख्ख्या सापडतात. उखडलेला असतो तो सांधा, नाहीतर वरच्या लांब आडव्या पट्टीतली एखादी काडी कडेला वाकून निसटलेली असते. तरीही पुढच्या वेळी मुलं काड्याच वाढवतात. पूल जड होतो आणि पुन्हा तिथेच मोडतो. म्हणून हा लेख काड्यांपेक्षा सांध्यांबद्दल आणि वाकण्याबद्दल जास्त आहे.

बोलायला एक ठरावीक नमुना हवा. दोन उभ्या जाळ्या, म्हणजे ट्रस, आणि मध्ये रस्ता. प्रत्येक ट्रसमध्ये 10 सेंमी बाजूचे समभुज त्रिकोण; पाया खाली असलेले सहा, पाया वर असलेले पाच. लांबी 60 सेंमी, उंची साधारण 8.7 सेंमी, दोन ट्रसमधलं अंतर 9 सेंमी. ही झाली वॉरन पद्धत. बडोद्याहून सुरतेकडे जाताना भरूचला रेल्वेच्या खिडकीतून 1881 सालचा गोल्डन ब्रिज दिसतो. नर्मदेवरचा हा लोखंडी ट्रसचा पूल मुलांना जरूर दाखवा. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा त्यातून जास्त कळतं.

काड्या न निवडता वापरणं

बाजारात मिळणारी साधी काडी सुमारे 11.4 सेंमी लांब, 1 सेंमी रुंद आणि 2 मिमी जाड असते. या पुलाला साधारण 95 काड्या लागतात, पण घ्या 150. प्रत्येक काडी डोळ्यासमोर धरून तिच्या लांबीच्या दिशेने बघा. बाकदार, पिळलेल्या, गाठ असलेल्या, रेषा तिरप्या गेलेल्या काड्या बाजूला काढा. सरळ काड्या वरच्या पट्टीसाठी राखून ठेवा, थोड्या उण्या खालच्या पट्टीत चालतील. ताणाखाली काडी सरळच होते, दाबाखाली मात्र तिचा बाक वाढत जातो. रंगीत काड्या दिसतात छान, पण रंगाच्या थरावर गोंद नीट धरत नाही. वापरायच्याच असतील तर जिथे चिकटवायचं तिथला रंग घासून काढा.

मापाचं चित्र न काढता जोडायला बसणं

चार्ट पेपरवर पूर्ण मापाचा ट्रस आखा, वर पारदर्शक प्लास्टिक पसरा आणि त्यावरच काड्या मांडून चिकटवा. दोन्ही ट्रस एकाच चित्रावर करा, म्हणजे ते जुळे होतील. सयाजीरावांनी 1890 मध्ये जिथे तंत्रशिक्षणासाठी कलाभवन उभं केलं, त्या बडोद्यातल्या मुलांना आधी रेखाटन आणि मग हत्यार ही शिस्त वेगळी सांगायला नको. आखताना प्रत्येक काडीची मध्यरेषा काढा. एका सांध्यावर येणाऱ्या सगळ्या मध्यरेषा एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत. त्या 5 मिमीने जरी चुकल्या, तरी सांध्यात पीळ पडतो आणि तो गोंदाला सोसत नाही.

चौकोन कुठेही मोकळा सोडू नका. ट्रस पुरा आहे का, हे मोजून कळतं: सांध्यांची दुप्पट करून त्यातून 3 वजा करा. आपल्या नमुन्यात सांधे 13, म्हणून भाग 23 हवेत. खाली 6, वर 5, तिरपे 12, बेरीज बरोबर जुळते. 22 भरले तर पूल हलेल. आकडा जुळला तरी सगळे भाग त्रिकोणातच बसले आहेत ना, हे डोळ्यांनीही बघा.

टोकाला टोक चिकटवणं

सगळ्यात जास्त पूल इथे जातात. लाकडाच्या आडव्या कापावर गोंद जवळजवळ धरतच नाही, कारण उघडी छिद्रं तो शोषून घेतात. त्यामुळे टोकाला टोक लावून केलेली लांब पट्टी ताण आला की सहज सुटते. पट्टी दोन थरांची करा. काड्यांची गोल टोकं कापून प्रत्येक काडी 10 सेंमीची करा. पहिल्या थराची टोकं त्रिकोणांच्या सांध्यांवर येऊ द्या. दुसरा थर 5 सेंमीच्या अर्ध्या काडीने सुरू करा, म्हणजे विटांच्या थरांसारखे जोड एकाआड एक येतील. दुसऱ्या थराच्या प्रत्येक जोडावर बाहेरून 4 सेंमीचा तुकडा चिकटवा. तो विसरलात तर त्या जागी पट्टी एकेरीच राहते.

तिरप्या काड्या न कापता वापरा. एक आतल्या अंगाने, पुढची बाहेरच्या अंगाने, म्हणजे एकाच सांध्यावर दोघींना जागा मिळते. खालून डोकावणारं टोक पॉलिश पेपरने घासून टाका, नाहीतर पूल टेबलावर डगमगतो.

गोंद जास्त, धीर कमी

पांढरा फेविकॉल या कामाला उत्तम. दोन्ही पृष्ठभाग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासा, धूळ पुसा, पातळ थर लावा आणि कपड्यांचा चिमटा लावून निदान 45 मिनिटं हलवू नका. चिमटा दाबल्यावर कडेने गोंदाचे बारीक मणी आले तर प्रमाण बरोबर. ओघळ आला तर जास्त झाला, तो ओल्या फडक्याने लगेच पुसा. गोंदाचा जाड थर ताकद वाढवत नाही, नुसतं वजन वाढवतो आणि आतून ओला राहतो.

पूर्ण ताकद यायला 24 तास द्या. श्रावण-भाद्रपदात बडोद्याची हवा दमट असते, तेव्हा 48 तास धरा आणि पूल पंख्याखाली ठेवा. आदल्या रात्री जोडलेला पूल सकाळी हाताला घट्ट लागतो, पण वजनाखाली त्याचे सांधे हळूहळू सरकतात. फेविक्विक घाईत मोह घालतं. त्याचा जोड कडक पण ठिसूळ असतो, धक्का बसला की तडकतो. ग्लू गनचा गोंद लवचिक असतो आणि सतत वजनाखाली ताणत जातो. उन्हात ठेवलेल्या गाडीतून पूल नेलात तर हा गोंद मऊही पडतो. ही दोन्ही सजावटीला वापरा, ट्रसला नको.

वरच्या पट्टीकडे दुर्लक्ष

एक काडी टेबलावर उभी धरा आणि वरून अंगठ्याने दाबत जा. ती चुरडत नाही, मोडतही नाही. एकदम पातळ बाजूने धनुष्यासारखी वाकते. आता तीच काडी अर्धी करून दाबा. लांबी निम्मी झाली की वाकण्याआधी ती चौपट दाब सोसते. जाडी दुप्पट केली तर आठपट. मात्र हे आठपट तेव्हाच, जेव्हा दोन काड्यांच्या मध्ये पूर्ण लांबीभर गोंद असतो. नुसती टोकं चिकटवली तर दोघी वेगवेगळ्या वाकतात आणि ताकद फक्त दुप्पट होते.

याचा पुलाशी संबंध आकड्यांत बघा. मधोमध 20 किलो टांगले तर प्रत्येक ट्रसवर 10 किलो आणि प्रत्येक टोकाच्या आधारावर 5 किलो येतात. वरच्या पट्टीच्या मधल्या भागात दाब येतो 5 गुणिले 30 भागिले 8.7, म्हणजे सुमारे 17 किलो. तिरप्या काड्यांत मात्र जेमतेम 6 किलोच. म्हणून दुसरा थर वरच्या-खालच्या पट्ट्यांना द्यायचा, सगळीकडे नाही. याच हिशेबातून उंचीही कळते. ट्रस 4 सेंमीचाच केला तर दाब 37 किलोच्या वर जातो. उंची खूप वाढवली तर तिरप्या काड्या लांब होऊन त्याच वाकतात. लांबीच्या सहाव्या ते आठव्या हिश्शाइतकी उंची ठेवा.

दोन ट्रस उभे केले, पण आपसांत बांधले नाहीत

समोरून सुंदर दिसणारा पूल पहिल्या पाच किलोंतच कुशीवर झोपतो, त्याचं कारण हे. वरचे सांधे आडव्या काड्यांनी जोडले नाहीत तर वरची पट्टी कडेला वाकताना तिची लांबी 10 सेंमी न राहता सलग 50 सेंमी होते. लांबी पाचपट झाली की वाकण्याची ताकद 25 पटीने घटते. खाली 7 आणि वर 6 आडव्या काड्या लावाच, शिवाय प्रत्येक चौकटीत एक तिरपी. इथे बरेच जण फसतात: 10 बाय 9 सेंमीच्या चौकटीचा कर्ण साडेतेरा सेंमीच्या आसपास, त्यामुळे साधी काडी पोचत नाही. डॉक्टर घसा बघायला वापरतात ती 15 सेंमीची लाकडी पट्टी औषधांच्या दुकानात मिळते, ती बरोबर बसते. अशा 11 लागतील: वर 5, खाली 6. दोन ट्रस उभे करताना गुण्याने काटकोन तपासा आणि सुकेपर्यंत दोन्ही बाजूंना पुस्तकांचा टेका द्या.

चाचणीच्या दिवशीचे घोळ

दोन टेबलांमध्ये 57 सेंमी अंतर ठेवा, म्हणजे पूल दोन्हीकडे दीड-दीड सेंमी टेकेल. पूर्ण 60 ठेवलं तर वजन येताच तो आत घसरतो. शेवटचे सांधेच काठाजवळ टेकले पाहिजेत. आधार दोन सांध्यांच्या मध्ये आला तर खालची पट्टी तिथेच वाकेल.

वजन कधीही एका आडव्या काडीला टांगू नका. पूल दणकट असला तरी ती काडी मोडते. 2 सेंमी जाडीचा लाकडी ठोकळा दोन्ही ट्रसच्या खालच्या पट्टीवर, मधल्या सांध्यापाशी आडवा ठेवा. त्याला दोरी आणि दोरीला बादली बांधा. बादली जमिनीपासून 5 सेंमीवरच राहू द्या, पायात बूट घाला आणि डोळ्यांना चष्मा लावा. बादलीत एकदम वीट टाकू नका, अर्धा-अर्धा लिटर पाणी ओता. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा राहतो. बादलीचं स्वतःचं वजन आधीच करून ठेवा.

पुलाच्या मध्याजवळ मोजपट्टी उभी करून प्रत्येक किलोला तो किती मिलिमीटर वाकला ते लिहा. दर किलोला वाक सारख्याच मापाने वाढत असेल तर सगळं ठीक. एखाद्या किलोला तो अचानक जास्त वाढला तर थांबा आणि सांधे तपासा: कुठेतरी जोड सुटू लागलेला असतो. तो सोडवून, घासून पुन्हा चिकटवता येतो. पुरता मोडल्यावर तो कशामुळे मोडला हे सांगणं अवघड होतं, म्हणून मोबाइलवर कडेने चित्रण चालू ठेवा. कोणती काडी आधी हलली ते त्यात दिसतं.

पुलाचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा. एक काडी साधारण दीड ग्रॅमची, तेव्हा काड्या, पट्ट्या आणि गोंद धरून हा पूल 200 ग्रॅमच्या आत-बाहेर भरायला हवा. 250 च्या वर गेला तर गोंद जास्त झालाय. परीक्षक बहुतेकदा पेललेलं वजन भागिले पुलाचं वजन हेच विचारतात: 200 ग्रॅमच्या पुलाने 20 किलो पेलले तर उत्तर 100.