आम्लपित्ताची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया : होकार देण्याआधी आणि त्यानंतर

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतल्या दवाखान्यात बसलेला रुग्ण ‘माझी दुर्बीण झाली’ असे सांगतो, तेव्हा नेमके काय झाले हे विचारावेच लागते. तोंडावाटे नळी घालून केलेली एण्डोस्कोपी आणि पोटावर चार-पाच लहान छेद घेऊन केलेली लॅप्रोस्कोपिक शस्त्रक्रिया, या दोहोंनाही आपल्याकडे दुर्बीणच म्हणतात. पहिली केवळ तपासणी आहे, दुसरी उपचार, आणि पहिलीचा अहवाल हाती आला एवढ्यावरून दुसरीला होकार देणे घाईचे ठरते.

अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायूंचा वळा सैल झाला, किंवा श्वासपटलाचे (छाती आणि पोट यांमधील स्नायूंच्या पडद्याचे) छिद्र रुंदावून जठराचा वरचा भाग छातीत सरकला, की जठरातील आम्ल वर चढते. शस्त्रक्रियेत सरकलेले जठर खाली ओढून छिद्र टाके घालून आवळतात आणि जठराचाच वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळतात. यालाच फंडोप्लिकेशन म्हणतात. रुडॉल्फ निसेन या शल्यविशारदांनी १९५६ मध्ये मांडलेली ही पद्धत तेव्हा पोट उघडून केली जाई. दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियांचे पहिले वृत्त १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

ज्याला गोळ्यांनी आराम पडतो, पण त्या बंद करताच जळजळ परतते, किंवा आम्ल दबले तरी आडवे होताच आंबट पाणी तोंडाशी येते, त्याला शस्त्रक्रियेचा लाभ होण्याची शक्यता अधिक असते. उलट ज्याला गोळ्यांनी काडीचाही फरक पडत नाही, त्याचे दुखणे मुळात आम्लाचे आहे का, हे आधी तपासले पाहिजे. छातीतले दुखणे असेल तर ईसीजी आणि हृदयाची तपासणी सर्वांत आधी व्हावी; ‘पित्तच असेल’ म्हणून ते अंगावर काढू नये.

माझ्या मते सारा निकाल तपासण्यांवर अवलंबून असतो, म्हणून त्यांत काटकसर करू नये. एण्डोस्कोपीत अन्ननलिकेच्या तीव्र जखमा स्पष्ट दिसत नसतील, तर नाकावाटे बारीक नळी ठेवून चोवीस तासांची पीएच तपासणी, म्हणजे अन्ननलिकेतील आम्लाची मोजणी, करतात. तिच्यासाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या साधारण सात दिवस आधी, अर्थात डॉक्टरांना विचारूनच, थांबवाव्या लागतात. नळी बसवल्यानंतर उपास किंवा पथ्य पाळू नये. एरवी सकाळी तर्री-पोहे खात असाल तर तेच खावे आणि जेवण, झोप, जळजळ यांच्या वेळा लिहून ठेवाव्यात. अन्ननलिकेत आम्ल असण्याचा काळ एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून अधिक असेल तर रोग निश्चित मानतात. ४ टक्क्यांहून कमी असेल तर शस्त्रक्रियेचा आग्रह धरू नये. मॅनोमेट्री ही तपासणी अन्ननलिकेची हालचाल मोजते. वळा उघडतच नसेल, म्हणजे अॅकॅलेशिया असेल, तर फंडोप्लिकेशनने घास अधिकच अडकेल. हालचाल दुर्बल असेल तर पूर्ण ३६० अंशांऐवजी २७० अंशांचा वेढा बरेच शल्यविशारद पसंत करतात. आपल्याला कोणता वेढा घालणार आणि का, हे स्पष्ट विचारावे. वजन फारच जास्त असेल, तर गॅस्ट्रिक बायपास ही वजन घटवणारी शस्त्रक्रिया अधिक योग्य ठरेल का, हेही विचारावे.

खर्रा, तंबाखू आणि धूम्रपान आधीच सोडावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भूलतज्ज्ञांना न विसरता सांगावे. शस्त्रक्रिया पूर्ण भुलेखाली होते आणि बहुधा एक-दोन दिवसांत घरी जाता येते. पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो, तो काही दिवसांत थांबतो.

खरी कसोटी जेवणाच्या ताटावर लागते. वेढ्याच्या जागी सूज असल्याने पहिले काही आठवडे घास अडकल्यासारखा वाटतो. आधी पातळ पदार्थ, मग गुरगुट्या भात, पातळ वरण, मुगाची मऊ खिचडी असा क्रम ठेवावा. कोरडी पोळी, भाकरी, ब्रेड आणि सावजीतले मटणाचे तुकडे डॉक्टरांनी सांगितल्यावरच, सर्वांत शेवटी. सोडा व शीतपेये टाळावीत, कारण ढेकर सहज येत नाही आणि पोट फुगते. मळमळ वाटताच दवाखान्यात कळवावे, कारण जोराच्या उलटीने टाके सुटू शकतात. चार ते सहा आठवडे जड ओझे उचलू नये.

ताप, वाढते दुखणे, धाप लागणे किंवा पाणीही न उतरणे यांपैकी काही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. म्हणूनच गोंदिया किंवा गडचिरोलीहून आलेल्यांनी आठवडाभर नागपुरातच राहावे. त्रास परत येऊ शकतो, हेही घरच्यांना माहीत असावे : २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील २,६५५ रुग्णांच्या पाहणीत सरासरी पाच वर्षांत सुमारे १८ टक्क्यांना तो पुन्हा झाला. अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरांना पहिली गरज लागते ती शस्त्रक्रियेच्या नोंदीची, म्हणून डिस्चार्ज कार्डासोबत तिचीही प्रत मागून घ्यावी आणि फाइलमध्ये जपून ठेवावी.